कायदा बदलला, पण पासपोर्ट कुणाच्या खिशात?



सोलापूर हे एके काळी गिरणगाव होते. खेड्यापाड्यांतली माणसे पोट भरायला इथे आली, त्यांत आपलेही आजे-पणजे होते. 1963 साली जुनी गिरणी बंद पडली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ह्यांचेही भोंगे एकामागून एक थांबले. त्यानंतर यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने आणि विडी ह्यांवर घरे चालली, आजही चालतात. परंतु मिलिंदनगरातला किंवा बुधवार पेठेतला आयटीआय झालेला मुलगा आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीवर समाधानी नाही. त्याची नजर दुबई, दोहा, रियाधकडे आहे. आखाती देशांत आज सुमारे 90 लाख भारतीय राहतात. त्यांत सेंटरिंगवाले, वेल्डर, प्लंबर, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर अशी आपलीही मुले आहेत.

मुलाने परदेशी जाऊन चार पैसे कमवावेत ह्यात गैर काहीच नाही. गाव सोडल्याशिवाय आपली प्रगती झालेली नाही, हा आपला इतिहास आहे. प्रश्न वेगळाच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या देशांतले कामगारांचे कायदे पुष्कळ बदलले, तिथल्या परदेशी कंपन्यांसाठीचे नियमही बदलले. आपल्या वस्तीत मात्र अजून वीस वर्षांपूर्वीचीच माहिती फिरते. "तिकडे पासपोर्ट मालकाकडेच ठेवावा लागतो", "दोन वर्षे काहीही झाले तरी काम सोडता येत नाही" असे मुलाला घरातूनच सांगून पाठवले जाते. म्हणजे कायद्याने सोडलेली गाठ आपण आपल्याच हाताने पुन्हा मारतो. म्हणून ह्या वेळी आम्ही ह्या सदरात हा विषय घेतला आहे.

आखातातल्या जुन्या पद्धतीला 'कफाला' म्हणतात. कामगाराला त्या देशात बोलावणारा जो मालक, तो 'कफील', म्हणजे जामीनदार. कामगाराचा व्हिसा, राहण्याचा परवाना, सगळे त्याच्या नावाशी बांधलेले. दुसऱ्याकडे काम धरायचे तर त्याची लेखी परवानगी हवी. देश सोडून घरी यायचे तरी काही देशांत त्याचीच सही हवी. आई वारली तरी सही नाही तर विमान नाही. मालकाने पगार दिला नाही म्हणून काम सोडले, तर मालकानेच "पळून गेला" अशी तक्रार द्यावी आणि पोलिसांनी कामगारालाच धरावे, असा हा उलटा न्याय होता.

वाचकांना हे ऐकून काही आठवते का? आमच्या मनात तर पहिल्यांदा महारवतन आले. वतनदार महाराला चोवीस तास सरकारी कामावर हजर राहावे लागे. तो आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदल्यात तुटपुंजे इनाम आणि दारोदारचे बलुते. 1874 च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. तो कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. भाकरीच्या तुकड्यासाठी माणूस गावाला बांधला जातो, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते.

दुसरी आठवण खास सोलापूरची. इंग्रजांनी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबले. रोजची हजेरी द्यायची आणि पास घेतल्याशिवाय बाहेर जायचे नाही. कायदा मुंबई राज्यात 1949 साली आणि देशभर 1952 साली रद्द झाला. तरी 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी आजही आहे. आपले घर सोडायला दुसऱ्याचा पास लागणे म्हणजे काय, हे ह्या शहराला परदेशी जाऊन शिकण्याची गरज नाही. आणि म्हणूनच कफाल्याकडे आपण इतरांपेक्षा अधिक डोळसपणे पाहिले पाहिजे.

आता बदल काय झाले ते पाहू.

सर्वांत मोठा बदल कतारमध्ये झाला. 2018 साली तिथे बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याचा परवाना रद्द झाला आणि जानेवारी 2020 मध्ये घरकामगारांनाही ती सवलत मिळाली. ऑगस्ट 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट गेली. आता दोन वर्षांपर्यंत काम केलेल्याने एक महिन्याची आणि त्याहून अधिक काम केलेल्याने दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यायची, इतकेच. मार्च 2021 पासून किमान वेतन लागू झाले: महिन्याला 1,000 रियाल पगार, आणि मालक राहण्या-जेवण्याची सोय करत नसेल तर राहण्याचे 500 व जेवणाचे 300 वेगळे. हे किमान वेतन घरकामगारांनाही आहे. उन्हाळ्यात, 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे.

ओमानने 1 जानेवारी 2021 पासून करार संपल्यावर नवी नोकरी धरण्यासाठी लागणारे ना-हरकत पत्र बंद केले. सौदी अरेबियाने मार्च 2021 पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय, ठरलेल्या अटींवर, नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्या-येण्याची मुभा दिली. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीकडे, नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. त्यात दोन कलमे आपल्या दृष्टीने फार मोलाची आहेत. कामगाराची कागदपत्रे मालकाने ताब्यात ठेवायची नाहीत. आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायचा नाही. तिथे 2023 पासून नोकरी गेल्यास मिळणारा विमाही सुरू झाला. मूळ पगार 16,000 दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम हप्ता. बारा महिने हप्ते भरलेल्याची नोकरी त्याच्या चुकीशिवाय गेली, तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते.

हे सगळे त्या राज्यकर्त्यांच्या मनात एकाएकी करुणा जागी झाली म्हणून घडले, असे समजू नका. कतारला 2010 साली फुटबॉलच्या विश्वचषकाचे यजमानपद मिळाले आणि जगाची नजर तिथल्या बांधकामांवर गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे 2014 साली तक्रार दाखल झाली. त्या दडपणाखाली करार झाला, 2018 साली संघटनेने दोह्यात कचेरी उघडली आणि मग कायदे बदलले. दुसरे कारण धंद्याचे. तेलावर कायम भागणार नाही हे ओळखून ह्या देशांना बाहेरचे भांडवल हवे झाले. अमिरातीत पूर्वी मुक्त क्षेत्राबाहेर बहुतेक धंद्यांत 51 टक्के मालकी स्थानिक भागीदाराची लागे. जून 2021 पासून बहुतेक धंद्यांत परकी माणसाला पूर्ण मालकी घेता येते. त्याबरोबर जून 2023 पासून कंपन्यांच्या नफ्यावर, 3,75,000 दिरहमच्या वर, 9 टक्के करही आला. सौदीने 2024 पासून नियम केला की, ज्या परदेशी कंपनीचे विभागीय मुख्यालय आमच्या देशात नाही तिला सहसा सरकारी कंत्राट नाही.

कंपन्यांच्या ह्या नियमांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. स्थानिक भागीदार गेला, नवी कंपनी आली, जुनी दुसऱ्या नावाने चालू लागली, म्हणजे तुमच्या करारावरचे मालकाचे नाव आणि प्रत्यक्षात काम करून घेणारा ह्यांत फरक पडू शकतो. व्हिसा एकाच्या नावाचा आणि राबवून घेणारा दुसराच असला की, पगार थकल्यावर दोघेही हात वर करतात. म्हणून करारावर, व्हिसावर आणि पगाराच्या चिठ्ठीवर एकच नाव आहे ना, हे पाहणे ही कामगाराची पहिली हिशेबतपासणी होय.

आणखी एक बदल लक्षात घ्या. हे देश आपल्या तरुणांसाठी नोकऱ्या राखून ठेवू लागले आहेत. सौदीने 2011 साली 'निताकात' नावाची पद्धत आणली. ज्या कंपनीत सौदी नागरिक पुरेसे नाहीत तिला तांबडा शेरा बसतो आणि परदेशी कामगारांचे परवाने अडतात. 2016 साली मोबाइल विक्री-दुरुस्तीची दुकाने पूर्णपणे सौदी नागरिकांसाठी राखली गेली. मोबाइल दुरुस्ती शिकून तिकडे गेलेल्या कितीतरी मुलांना तेव्हा परत यावे लागले. अमिरातीतही 50 किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी कंपन्यांना 2022 पासून कुशल जागांवर दरवर्षी 2 टक्के स्थानिक माणसे वाढवावी लागली. इथे आरक्षणाच्या नावाने नाक मुरडणारी मंडळी तिथे जाऊन हे आरक्षण निमूटपणे मानतात, ही गंमत आम्ही नोंदवून ठेवतो. मुद्दा एवढाच की, कोणता धंदा तिथे परदेशी माणसाला खुला आहे हे पाहूनच मुलाने कसब शिकावे. वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी सौदीने आता व्हिसापूर्वी कौशल्याची परीक्षाही घ्यायला सुरुवात केली आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र कपाटात ठेवून हात विसरलेल्याचा तिथे निभाव लागत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. 2021 च्या सौदी सुधारणांतून घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि शेतमजूर वगळले गेले. म्हणजे जो कंपनीत चार माणसांच्या सोबतीने काम करतो त्याला सवलत, आणि जो चार भिंतींच्या आत किंवा वाळवंटात एकटा आहे त्याला नाही. ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच शेवटच्या पंगतीला! अमिरातीने घरकामगारांसाठी डिसेंबर 2022 पासून वेगळा कायदा लागू केला, त्यात आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा आहे. हे पाऊल चांगलेच आहे. पण बंगल्याच्या आत कायदा पोचतो की नाही हे पाहणारा निरीक्षक रोज दारात उभा नसतो.

आणि कायदा पुढेच जातो असेही नाही. कुवेतने 1 जुलै 2025 पासून खासगी कंपन्यांतल्या परदेशी कामगारांना देश सोडण्यापूर्वी मालकाची परवानगी घेणे सक्तीचे केले. शेजारच्या कतारने जी बेडी काढली, ती इथे नव्याने चढली. त्याच कुवेतमध्ये 12 जून 2024 रोजी मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि 45 भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणावे लागले. 'तिकडचा पैसा' ह्या दोन शब्दांमागे काय काय असते, हे त्या दिवशी देशाने पाहिले. म्हणून "आखातात असे असते" असे सरसकट बोलू नये. कोणता देश, कोणते काम आणि कोणत्या साली झालेला नियम, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत.

परदेशातले कायदे आपण बदलू शकत नाही. परंतु मुलगा विमानात बसेपर्यंतचा सगळा प्रवास आपल्या देशाच्या कायद्याखाली होतो, आणि खरी फसवणूक बहुधा तिथेच होते. 1922 चा जुना कायदा मोडून 1983 साली स्थलांतराचा कायदा, म्हणजे इमिग्रेशन ॲक्ट नव्हे तर 'एमिग्रेशन ॲक्ट', आला. येणाऱ्यांचा इमिग्रेशन, जाणाऱ्यांचा एमिग्रेशन, हा फरक ध्यानात ठेवावा. ह्या कायद्याने, नोंदणी नसलेल्या दलालाला परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असतो. अशा माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' ह्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्या राज्यात ही कचेरी मुंबईत आहे. मंजुरीपूर्वी करार पाहिला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांसाठी 275 रुपये आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये. वीज बिलापेक्षा कमी पैशांत मिळणारे हे संरक्षण आहे.

स्त्रियांसाठी नियम अधिक कडक आहेत. ईसीआर पासपोर्ट असलेल्या, 30 वर्षांखालील बहिणीला ह्या देशांत घरकामासाठी पाठवता येत नाही. त्याहून मोठ्या असतील तर भरती 2016 पासून सरकारी यंत्रणांमार्फतच होते. म्हणून वस्तीत येऊन एखादी बाई किंवा बुवा "मॅडमच्या घरी काम आहे, आठवड्यात पाठवतो" असे म्हणू लागले, तर तिथेच ओळखावे.

दहावी पास मुलांचे मात्र वेगळेच आहे. दहावी झाली की हा शिक्का लागत नाही. आपण पेढे वाटतो, आणि ते योग्यच आहे. पण शिक्का नाही म्हणजे मंजुरीची अट नाही, आणि मंजुरी नाही म्हणजे त्याचा करार कोणी तपासतही नाही. सरकारने त्याला शहाणा समजून मोकळे सोडलेले असते. मग ते शहाणपण त्याने आणि त्याच्या घरच्यांनी दाखवायला नको का?

दलालाच्या फीची गोष्ट आता आकड्यांतच सांगतो. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. प्रत्यक्षात वस्तीत दीड लाखाचा भाव चालतो. हे दीड लाख आणायचे कुठून? शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. महिन्याला व्याज 4,500, वर्षाला 54,000, दोन वर्षांच्या करारात 1,08,000 रुपये नुसते व्याज. मुद्दल आहे तसेच. मुलगा दोन वर्षे उन्हात भाजतो ते सावकाराच्या व्याजासाठी. आणि हा कर्जाचा दोर मानेला असला की कायद्याने दिलेली नोकरी बदलायची मुभाही त्याला वापरता येत नाही. "महिनाभर पगार चुकला तर घरी हप्ता कसा जाईल?" ह्या एका धास्तीने तो मालकाचे सगळे सहन करतो. कफाला दोह्यात रद्द झाला, पण तो सोलापुरात, आपल्याच घरात, सावकाराच्या वहीत शिल्लक राहिला. आमच्या मते ह्या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

आणि बेकायदा भरती करणाऱ्याला 1983 च्या कायद्यात शिक्षा कोणती? दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. एका मुलामागे लाखभर वर काढणाऱ्याला दोन हजारांच्या दंडाची काय तमा! केंद्र सरकारने 2025 साली ह्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी मसुदा लोकांपुढे ठेवला. अशा मसुद्यांवर मोठ्या एजंटांच्या संघटना सूचना पाठवतात. ज्यांची मुले जातात त्या वस्त्यांतून किती कागद जातात, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावा.

मागे आमच्याकडे विहारात एक माऊली मुलाचे कागद घेऊन आल्या. रविवारची वंदना झाली की आम्ही तिथे लोकांचे अर्ज-फॉर्म पाहत बसतो. विडीवर घर चालवणाऱ्या बाई. मुलगा एसीचे काम शिकलेला. दलालाला 40,000 रुपये दिलेले, बाकीचे पुढच्या आठवड्यात द्यायचे होते. कागद पाहिले तर करार नाही, कंपनीचे नाव नाही, व्हिसा 60 दिवसांचा, भेटीसाठीचा. दलाल म्हणाला होता, "तिकडे गेल्यावर बदलून मिळतो, सगळे असेच जातात." सगळे असेच जातात, आणि म्हणूनच फसतात. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायला जाणारा स्वतःच आरोपी ठरतो. 'आझाद व्हिसा' म्हणून जो विकतात त्याचेही तेच, कागदावर मालक एक आणि काम भलतीकडे. आम्ही बाईंना विचारले, "पावती कुठाय?" त्या म्हणाल्या, "भाऊ, ओळखीचा माणूस हाय, पावती कशी मागायची?" मुलगा थांबला. पुष्कळ खेटे घातल्यावर 40,000 पैकी 15,000 परत आले. उरलेल्या 25,000 साठी त्या माऊलीने किती हजार विड्या वळल्या असतील, ह्याचा हिशेब आमच्याने होत नाही.

आता करायचे काय, ते थोडक्यात.

पहिले, एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' ह्या संकेतस्थळावर तपासा. शाळेत जाणाऱ्या मुलीलाही मोबाइलवर हे पाहता येते. नाव नसेल तर पुढे एक शब्द बोलू नका.

दुसरे, पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. ओळखीचा माणूस खरा असेल तर पावती द्यायला तो लाजणार नाही.

तिसरे, करार वाचल्याशिवाय सही नाही. 1913 साली बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले तेव्हा बडोदे सरकारशी लेखी करार करून गेले होते. काय शिकायचे, परत येऊन किती वर्षे नोकरी करायची, सगळे कागदावर होते. आपण त्यांचे फोटो घरात लावतो, मग ही सवयही घरात आणू. मुंबईत एक करार आणि तिथे उतरल्यावर दुसरा, कमी पगाराचा, असा प्रकार होतो. म्हणून पहिल्या कराराची प्रत घरी ठेवा.

चौथे, पगाराचा एकूण आकडा ऐकून हुरळू नका, 'मूळ पगार' किती ते विचारा. आम्ही हिशेबाचे कारकून, म्हणून उदाहरण देतो. अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला 30 दिवसांचा. समजा पगार 1,000 दिरहम आणि सगळा मूळ पगार आहे. चार वर्षांनी 84 दिवसांचे 2,800 दिरहम होतात. त्याच 1,000 मध्ये मूळ पगार 600 आणि भत्ते 400 दाखवले, तर होतात 1,680. एका ओळीच्या फरकाने 1,120 दिरहम गेले, आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाचवे, पगार बँकेतूनच घ्यावा. अमिरातीत 2009 पासून त्यासाठी सरकारी पद्धत आहे आणि पुढे सौदी-कतारनेही ती आणली. बँकेची नोंद हाच पगार बुडाल्याचा पुरावा.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पासपोर्ट. आपल्या 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आपल्या ताब्यात तो वापरण्यासाठी दिलेला असतो. कोणत्याही मालकाचा त्यावर हक्क नाही. मालकाने नोंदणीसाठी मागितला तर द्यावा, पण काम झाल्यावर परत मागावा. आणि देण्याआधी त्याची छायाप्रत, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती असा एक संच घरी ठेवावा.

हा संच सांभाळण्याचे काम आम्ही आया-बहिणींकडे सोपवू इच्छितो. मुलगा परदेशात अडचणीत आला तर कचेऱ्यांत धावाधाव घरच्यांनाच करावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' ह्या व्यवस्थेत तक्रार नोंदवतानाही पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव, पत्ता हेच आधी विचारतात. त्या वेळी "तो म्हणायचा कसलीशी मोठी कंपनी आहे" एवढेच ठाऊक असेल तर दूतावासाने तरी शोध कुठे घ्यावा? जिने रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपल्या, तिला ही आणखी एक पिशवी जड नाही.

विहारांच्या समित्यांनाही एक विनंती. आठवड्यातून एक तास परदेशी जाणाऱ्यांचे कागद पाहण्यासाठी ठेवा. वस्तीत बीकॉम, बीए झालेली मुले-मुली आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणारे आहेत. आखातातून परत आलेले बांधव तर प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांच्याइतका जाणकार दुसरा कोण? आणि एखाद्या बचतगटाने कायदेशीर फीपुरते 35,400 रुपये माफक व्याजाने उभे करून दिले, तर एक मुलगा दीड लाखाच्या फासातून सुटतो.

वतन कायद्याने रद्द झाले, पण त्याआधी कितीतरी आज्या-आजोबांनी बलुत्याच्या भाकरीवर पाणी सोडून शहराची वाट धरली होती. वतन त्यांनी मनातून आधीच सोडले होते. परदेशी निघालेल्या मुलांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की आपण आपली मेहनत विकायला जातो आहोत, स्वतःला नव्हे. त्यांचा प्रवास सुखाचा होवो.

जयभीम!